तिपेडी इंग्रजी

“एक वाक्य तीनदा कामून म्हणायचं? एका तोंडाला एकदा म्हणून भागत न्हाई का?”

विशाखा स्वतःशीच पुटपुटली होती. पण तिची पाठ सुभद्राबाईंच्या गुडघ्यांना टेकलेली आणि केस त्यांच्या मुठीत, त्यामुळं ते पुटपुटणं वाटेत कुठं न सांडता थेट आजीच्या कानात पोचलं.

“काय म्हणलीस?”

“काई न्हाई. केस वढायलीस मनलं.”

सुभद्राबाईंनी हात सैल केला. केस मुळीच ओढले जात नव्हते, हे दोघींनाही ठाऊक होतं. तेवढ्यात ओसरीवरून बळीराम सरांचा खणखणीत आवाज आला, “विशाखा! व्हाय डू यू वाँट टू बी अ नर्स?”

नातीचा कणा आपोआप ताठ झाला. अर्धी वेणी आजीच्या हातात ठेवूनच तिनं उत्तर दिलं, “आय वाँट टू सर्व्ह द सिक, मला आजारी माणसांची सेवा करायची आहे, नानु रोगिगळ सेवे माडबेकु.”

तिन्ही भाषा एका चालीत, एका श्वासात, पाढे म्हणावेत तशा. मधे टाचणी शिरायला जागा नव्हती.

“व्हेरी गुड!” सर ओसरीवरून म्हणाले. “फार छान! भाळ चलो!”

सुभद्राबाईंनी तिसरा पेड दोन्ही पेडांवरून आणला आणि घट्ट दाबला. आपल्या नवऱ्याच्या इंग्रजीला त्यांनी फार वर्षांपूर्वी मनातल्या मनात नाव ठेवलं होतं. तिपेडी. वेणीतला एक पेड ओढला की बाकीचे दोन आलेच.

उद्या सकाळी गुलबर्ग्याला नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी मुलींच्या मुलाखती होत्या. लेखी परीक्षेत विशाखा वरच्या मुलींत आली होती. आता तोंडी राहिली होती, आणि ती इंग्रजीत. दुपारच्या गाडीनं निघायचं होतं. यंदा जमलं नाही तर उदगीरचं स्थळ तयार होतं. मुलाकडची माणसं चांगली होती, हीच पंचाईत. वाईट असती तर नाही म्हणता आलं असतं.

बळीराम सर मुडबीच्या शाळेत इंग्रजीचे मास्तर झाले ते कुणाच्या हौसेनं नव्हे. हैदराबाद राज्याचे तुकडे होऊन बीदर जिल्हा म्हैसुरात गेला, तेव्हा शाळेत मोठीच धांदल उडाली होती. उर्दूतून शिकवणाऱ्यांना उर्दू पुसून टाका म्हणून सांगितलं. मराठीच्या मास्तरांनी एक खोली धरली, कन्नडच्या गुरुपादय्या मास्तरांनी दुसरी. इंग्रजी कुणालाच नको होती. त्याच सुमाराला बळीराम नोकरीला लागले. घरात मराठी, गल्लीत कन्नड, शिक्षण उर्दूतून, आणि घरादारानं नुकतीच बुद्धाची दीक्षा घेतलेली. गावातल्या काहींनी नाकं मुरडली. याच्या हातून आमच्या लेकरांनी अक्षर गिरवायचं? मग चावडीवर कुणीतरी तोड काढली, “आरं, त्याला इंग्रजी शिकवू द्या की. साहेबाच्या भाषेला कुठला आलाय विटाळ!”

ही गोष्ट सुभद्राबाई हसत सांगत. “साहेबाच्या भाषेनं आमचं घर उभं केलं. आन् साहेबाला त्याचा पत्तासुदिक न्हाई बगा.” हसत सांगत, पण मनात खरंच त्या भाषेचे उपकार मानत. तिच्यामुळं घराला पत्रे आले, मुलाला शाळा आली. ज्यांनी कधी या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं ते बाप पोराचा हात धरून ओसरीसमोर येऊन उभे राहिले, “सर, जरा बगा की याचं इंग्रजी.” स्वतः गुरुपादय्या पहिली काही वर्षं ओसरीच्या खाली उभे राहूनच बोलत. आता त्यांना याच घरातला चहा लागे, आणि साखर जास्त पडली तर ते रुसत.

इंग्रजीचा तास दोन्ही खोल्यांतल्या पोरांना मिळून असे. पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, काऊ म्हणजे काय, आणि मराठीत अर्थ सांगितला. कन्नड पोरं खिडकीबाहेर बघायला लागली. मग कन्नडमधे सांगितला, तर मराठी पोरं खिडकीबाहेर. सरांनी खडू खाली ठेवला. लहानपणी ते स्वतः शाळेच्या दाराबाहेर, काढून ठेवलेल्या चपलांशेजारी बसून शिकले होते. आतलं वाक्य अर्धं ऐकू यायचं, उरलेलं वाऱ्यावर जायचं. त्या दिवशी घरी येऊन भाकरी थापणाऱ्या बायकोला ते म्हणाले, “सुभद्रा, माझ्या वर्गात वाक्याच्या भाईर कुणी बसायचं न्हाई.”

दुसऱ्या दिवसापासून तीन बोटं सुरू झाली. सर एक बोट वर करत, सगळा वर्ग इंग्रजी म्हणे. दुसरं बोट उघडलं की मराठी. तिसरं उघडलं की कन्नड. ‘द काऊ गिव्हज मिल्क, गाय दूध देते, आकळु हालु कोडुत्तदे.’ पोरं त्या तीन बोटांकडं बघत बघत मोठी झाली, आणि बोटं नसली तरी त्यांच्या जिभेला थांबता येईना.

गावात यात काहीच वावगं वाटत नसे. मुडबीच्या शिवेबाहेर मात्र वाटे.

निंगप्पा हा सरांचा पहिल्या वर्गातला विद्यार्थी. तो नोकरीच्या मुलाखतीला बंगळूरला गेला होता, त्याला आता किती वर्षं झाली. परत आला तो आधी ओसरीवर गेलाच नाही. मागच्या दारानं चुलीपाशी येऊन बसला.

“आक्का, तिथं तीन साहेब बसलेलं. नाव विचारलं. मी म्हटलं, माय नेम इज निंगप्पा, माझं नाव निंगप्पा, नन्न हेसरु निंगप्पा. तर मधला साहेब म्हणतो कसा, तिघं एकदम कामून आलाव? एकेकानं या की!”

सुभद्राबाई पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. निंगप्पाही हसला. हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला आणि त्यानं मान खाली घातली. “नोकरी दिली, पर लई हसले आक्का. चपराशीबी हसला.” मग डोळे पुसून म्हणाला, “सरला सांगू नका. तुमाला लेकराची आन.” आणि पुढं ओसरीवर जाऊन, सरांच्या पाया पडून त्यानं जाहीर केलं, “सर, आय गॉट द जॉब, मला नोकरी लागली, ननगे केलस सिक्कितु!” सरांनी त्याला मिठी मारली.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. जो कुणी बाहेर जाई त्याचं हसं होई. जो परत येई तो आधी चुलीपाशी खरं ओकून जाई, आणि मग ओसरीवर सरांसमोर तीन पेडांत बोले. बीदरला हवाई दलाच्या कँटीनमधे लागलेला पोरगा तसाच. हैदराबादेत कापडाच्या दुकानात बसणारा तसाच. लमाण तांड्यावरचा पोरगा कंडक्टर झाला, तोही. निलम्मा तर नर्सिंगच्या मुलाखतीला गेली आणि पहिल्या साली नापास होऊन आली. हुशार पोर. चुलीपाशी बसून फुंकणी हातात फिरवत रडली. “आक्का, मी पहिलं वाक्य बोलले आन् त्या बाई म्हणल्या, पुरे.” दुसऱ्या साली ती नुसतं ‘यस मॅडम’ आणि ‘नो मॅडम’ म्हणून आत शिरली. आता आखातात कुठल्याशा मोठ्या दवाखान्यात होती. दर सुट्टीला येई, सरांना अत्तराची बाटली देई आणि तीन भाषांत खुशाली सांगे.

एवढ्या माणसांचं एवढं खरं पोटात ठेवून सुभद्राबाईंचं वय झालं होतं. त्यांना इंग्रजी किती येतं हे कुणाला माहीत नव्हतं. ओसरीवर शिकवणी चाले आणि आत चुलीपाशी कान उघडे असत, एवढाच त्यांचा वर्ग. लग्नानंतरच्या वर्षांत सर मागे लागत, “एक वाक्य बोल की ग माझ्यासमोर. एकच.” त्या म्हणत, “आन् भाकरी कोण भाजंल, इंग्लंडची राणी?” पुढं पुढं मागणं नुसती थट्टा होऊन राहिलं. पण सणावाराला, पाटावर बसता बसता, सर अजूनही विचारत, “आज तरी?” आणि त्या वाढता वाढता मान हलवत. लाज वाटे. ज्या माणसानं अख्ख्या गावाला बोलतं केलं, त्याच्यासमोर आपण चुकलो तर?

वेणी झाली. विशाखा उठली, पण ओसरीवर गेली नाही. गोठ्याकडं गेली. सुभद्राबाई चूल पेटवायला वाकल्या तर कुडापलीकडून म्हशीला उद्देशून बोलणं ऐकू आलं.

“माय नेम इज विशाखा.” मग शांतता. मग कुणी गळा धरल्यासारखा आवाज. मग चरफडून, “माझं नाव विशाखा नन्न हेसरु विशाखा! मर जा!”

पुन्हा, “आय पास्ड पी.यु.सी. फ्रॉम...” आणि तिथंच ते वाक्य मेलं. पुढचं इंग्रजीही येईना. मागचे दोन पेड दाबून धरले की पहिलाही घशात अडकत होता.

सुभद्राबाई कुडाशी गेल्या. “काय करायलीस ग?”

“आजी, मला म्हाईत हाय गं,” विशाखा रडकुंडीला आली होती. “निलम्माक्कानं सांगितलंय मला समदं. एकदाच म्हण, गप बस. पर जीभ ऐकंना गेली. बोटं दिसत्यात डोळ्यांपुढं. तात्यांनी बोट मिटलं तरच जमंल मला. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यानं न्हाई जमायचं.”

“मग सांग की तात्यांना, तुझेच आजोबा हायेत.”

“तू सांग.”

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. म्हैस मधे उभी राहून रवंथ करत होती.

सकाळच्या गाडीनं निंगप्पा आला. तो आता गुलबर्ग्याच्या एका कचेरीत कारकून होता, पोट सुटलेला, डोक्यावर ऊन चमकत असे. विशाखाला आपल्या घरी मुक्कामाला नेऊन उद्या मुलाखतीला पोचवायचं त्यानं अंगावर घेतलं होतं. सरांच्या पाया पडून, तीन पेडांत खुशाली सांगून तो पाणी प्यायच्या निमित्तानं आत आला.

सुभद्राबाईंनी तांब्या हातात दिला आणि सोडलाच नाही. “निंगप्पा, आज तू सांगायचं त्यांना.”

“काय?” म्हणत तो हसला, आणि आक्कांचं तोंड बघून हसू गिळलं.

“पोरगीचं साल जाईल. निलम्माचं गेलतं तसं. न्हाई, साल न्हाई, जलम जाईल. उदगीरचे वाट बगायलेत.”

“आक्का, कचेरीत आजबी मला ‘नंबर तीन’ म्हणत्यात. चालतंय मला. पर सरच्या तोंडावर?” त्यानं तांब्या सोडवून घेतला. “तुमी बगितलाव न्हाई का, मी बोलताना कसं बगतेत ते? मळणी झाल्यावर शेतकरी राशीकडं बगतो तसं. मी न्हाई सांगत. जीभ झडंल माझी.” मग जरा नरमून म्हणाला, “बरं, आडून आडून बगतो सांगून.”

ओसरीवर गुरुपादय्या येऊन बसले होते. पेन्शनीत आल्यापासून दोन्ही मास्तरांची रोजची बैठक होती. सर रंगात आले होते. नातीला समोर बसवून त्यांनी त्यांची आवडती गोष्ट काढली होती, जी ते शाळेत शनिवारी सकाळी सांगत.

“समजा त्यांनी विचारलं, इंग्रजी कुठून आली?”

“नर्सच्या मुलाखतीत हे कोण विचारतंय, बळीराम?” गुरुपादय्या म्हणाले. “ताप किती हाय ते विचारतील.”

“विचारलं तर! ऐक विशाखा. साहेबाच्या देशावर एकदा परका राजा आला. समुद्र वलांडून. त्याचं लोक फ्रेंच बोलायचं. मग पिढ्यान् पिढ्या दरबार फ्रेंचमदी, कोर्ट फ्रेंचमदी. आन् इंग्रजी कुठं? गोठ्यात! शेतात! चुलीपाशी! इंग्रज कुणबी कचेरीत जाऊन हात जोडून उभा ऱ्हायचा, त्याला त्याचाच निकाल समजायचा न्हाई. आपल्याकडं निजामाच्या टायमाला व्हतं का न्हाई, कागद फारसी-उर्दूत आन् रडणं मराठीत?”

“कन्नडमदीबी रडत होतो आमी,” गुरुपादय्या म्हणाले.

“व्हय, कन्नडमदीबी! तर अशी ही भाषा. गोठ्यात बसून दिवस काढली. पर मेली न्हाई. उलट त्या फ्रेंचाचेच शब्द घेऊन पोट भरली. मग जहाजात बसली. व्यापार केला, राज्य केलं, लोकांना छळलं, ते काय चांगलं केलं न्हाई. पर जिथं गेली तिथनं काय तरी उचललं तिनं. आपली खाट घेऊन गेली. खाटंचं कॉट केलं. तू उद्या दवाखान्यात जाशील न्हाई का, तिथं पेशंट झोपंल ते कशावर? आपल्याच खाटंवर!” सर समाधानानं भिंतीला टेकले. “जी भाषा एकदा दाराभाईर बसली व्हती, ती दाराभाईरच्याला आत घेती. मला घेतलं तिनं. मी तर तिचा लई आभारी हाय बाबा.”

गुरुपादय्यांनी उगाचच ओसरीच्या खालच्या दगडाकडं पाहिलं, जिथं ते पूर्वी उभे राहत.

निंगप्पानं खाकरून सुरुवात केली. “सर, तिथं काय असतंय, टाइम कमी असतो. पोरी शंभर, साहेब दोन.”

“मग?”

“मग... उत्तर जरा आखूड...”

“हां!” सरांना पटलं. निंगप्पाचा जीव भांड्यात पडला. सर नातीकडं वळले. “टाइम कमी हाय म्हणतो निंगप्पा. चाल वाढव. आता घाईनं म्हण बगू!” आणि बोटं इतक्या झपाट्यानं उघडली की विशाखाच्या तोंडून तिन्ही भाषा फटाक्याच्या माळेसारख्या सुटल्या.

निंगप्पानं कपाळ पुसलं. आता सुभद्राबाईंनी दारातून गुरुपादय्यांकडं बघितलं. त्यांनाही सगळं ठाऊक होतं. त्यांचा पुतण्यासुद्धा असाच कुठंतरी हसं होऊन आला होता. म्हाताऱ्यानं कपात बघत चहाचा घोट घेतला आणि सहज बोलल्यासारखं म्हटलं, “बळीराम, मला काय वाटतं, आता तिथं गुलबर्ग्याला... कन्नड गाळलं तरी चालंल की. आमचं काई म्हणणं न्हाई.”

सर दचकले. “कन्नड गाळू? गुरुपादय्या, तुमी म्हणताव हे?” त्यांचा आवाज खाली आला. “तुमच्या लेकरांना भाईर ठेवून मी पुढं जाऊ? मला म्हाईत हाय हो भाईर बसून कसं ऐकू येतंय ते.”

गुरुपादय्यांनी कप खाली ठेवला. त्यात अजून चहा होता, पण तो त्यांनी पुन्हा उचलला नाही.

जेवणं झाली. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, शेंगांची चटणी. कुणी जेवलं, कुणी नुसतं चिवडलं. मुलगा आणि सून पेरणीसाठी रानात होते. ते सकाळीच पोरीच्या तोंडावरून हात फिरवून गेले होते. सुभद्राबाईंनी वाटेसाठी दशम्या बांधल्या. बांधता बांधता त्यांच्या डोक्यात निंगप्पाचं मघाचं बोलणं घोळत होतं, राशीकडं बघणाऱ्या शेतकऱ्याचं. ते खरंच होतं, आणि रासही खोटी नव्हती. निंगप्पाच्या खिडकीपुढं माणसांची सगळ्यात मोठी रांग लागते, हे त्यांनी स्वतः गुलबर्ग्याला पाहिलं होतं. शेजारचे कारकून मोकळे बसलेले आणि अडाणी म्हाताऱ्या निंगप्पाच्या खिडकीशी, कारण तो प्रत्येकाला त्याच्या भाषेत कागद समजावून सांगतो, मुकाट्यानं, न चिडता, आणि कुणालाही वाक्याच्या बाहेर ठेवत नाही. निलम्मा सांगत होती, आखातातल्या दवाखान्यात कुणी मजूर रात्री आईचं नाव घेऊन कण्हायला लागला की डॉक्टर तिलाच हाक मारतात, कुठली का भाषा असेना. तीन येणारीला चौथी लवकर कळते म्हणे.

मग हे सगळं असू द्यायचं आणि फक्त एक दिवस, एका खोलीत, दोन बोटं मिटायची. एवढंच तर मागायचं होतं. पण ते मागायचं म्हणजे आधी सांगावं लागणार, की तुमची सगळी पोरं, एकूण एक, बाहेर...

“गाडीची येळ झाली,” निंगप्पा ओसरीवरून म्हणाला.

सुभद्राबाई गाठोडं घेऊन बाहेर आल्या. पिशवी भरून तयार होती. विशाखानं धुतलेली पांढरी ओढणी घेतली होती. सर ओसरीच्या कडेला बसले होते, चष्मा पुसून, पोरीचा चेहरा नीट दिसावा म्हणून.

“शेवटचं एकदा,” ते म्हणाले. “टेल मी अबाउट युवरसेल्फ.” आणि पहिलं बोट वर झालं.

विशाखानं तोंड उघडलं. “माय नेम इज...” ती थांबली. पुन्हा, “माय नेम...” तिनं ओठ दाबले, ओढणी मुठीत धरली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

सर गोंधळले. “आरं? काय झालं? येतंय की तुला समदं. सकाळी किती छान म्हणलीस.” त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. “भ्यायलीया का ही? निंगप्पा, तू सांग हिला. तुला भ्या वाटलं व्हतं का बंगळूरला?”

निंगप्पा पिशवीचा बंद बांधत होता. बांधलेलाच होता, तो सोडून पुन्हा बांधत होता. गुरुपादय्यांनी टोपी काढून तिच्या आत काहीतरी शोधलं.

“कुणीतरी बोला की,” सर म्हणाले.

सुभद्राबाईंनी दशम्यांचं गाठोडं खाली ठेवलं. पदराला हात पुसले. मग त्या ओसरीवर बसल्या, नातीच्या शेजारी, नवऱ्याच्या समोर, जिथं शिकवणीची पोरं बसत तिथं. आजवर त्या तिथं कधी बसल्या नव्हत्या.

“सर,” त्या म्हणाल्या.

बळीराम सरांना हसू आलं. लोकांशी बोलताना बायको ‘सर’ म्हणते हे त्यांना माहीत होतं, पण तोंडावर ती त्यांना कायम ‘आवं’ म्हणत असे.

सुभद्राबाई स्वच्छ, सावकाश म्हणाल्या, “पीपल लाफ्ड अ‍ॅट देम, सर.”

सरांचा चेहरा उजळला. अर्थ अजून आत पोचला नव्हता. नुसता आवाज पोचला होता. एवढी वर्षं पाटावर बसता बसता मागितलेलं ते वाक्य हिनं आज, असं, गाडीच्या वेळेला दिलं होतं. किती शुद्ध! आनंदानं त्यांचं दुसरं बोट आपोआप वर उघडलं आणि ते मराठीची वाट बघू लागले.

सुभद्राबाईंनी ओठ मिटून घेतले.

बोट तसंच उघडं होतं. त्या रिकाम्या जागेत ते वाक्य हळूहळू सरांच्या आत उतरत गेलं. त्यांनी निंगप्पाकडं पाहिलं. पोट सुटलेला, डोकं चमकणारा निंगप्पा बंद हातात धरून लहान पोरासारखा रडत होता, आणि होकारार्थी मान डोलावत होता.

“ऑल ऑफ देम,” सुभद्राबाई म्हणाल्या. पुन्हा थांबल्या. “अँड दे ऑल केम बॅक टू यू.”

लांब फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजला. कुणी उठलं नाही.

बळीराम सर आपल्या हाताकडं बघत होते, तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसे. मग त्यांनी डावा हात पुढं केला आणि उघडं राहिलेलं दुसरं बोट हळूच मिटून तळव्यात ठेवलं. तिसरंही दाबून धरलं. एकच बोट वर राहिलं.

“विशाखा,” ते नातीला म्हणाले, “आजी म्हणली तसं म्हण. एकदाच. पुढचं मी धरलंय.”